दामाजीचे आख्यान आणि अधिकारपदाची कसोटी

महिपतीबुवा ताहराबादकरांनी इ. स. १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ ग्रंथ सिद्धीस नेला. त्यातील दामाजीपंतांचे आख्यान ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. आम्हां ठाणाकुशनूरकरांना तर ते घरचेच वाटते. कारण त्यातील सर्वांत मोठा चमत्कार पंढरपुरात नव्हे, तर आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, बिदरच्या दरबारात घडतो. कीर्तनांतून आणि शाळांच्या नाट्यप्रवेशांतून मात्र या कथेला अलीकडे निराळाच रंग चढलेला दिसतो. हिंदू अधिकारी सज्जन, मुसलमान बादशहा दुर्जन, एवढ्यावर सारे प्रकरण आटोपते. निवडणूक जवळ आली की याच वृत्तीतून दुसरा प्रश्न उभा राहतो : राज्याच्या मोठ्या पदावर बसू पाहणारा मनुष्य कोणत्या धर्माचा आहे, हे पाहावयास नको काय? या प्रश्नाचे उत्तर महिपतीच्या आख्यानातच आहे, आणि ते आपण समजतो त्याहून वेगळे आहे, असे मला वाटते.

कथाभाग थोडक्यात असा. दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडतो, माणसे अन्नान्न करून मरू लागतात. पंतांना ते पाहवत नाही. सरकारी कोठारे उघडून ते धान्य वाटून टाकतात. वार्ता बिदरला पोहोचते आणि पंतांना पकडून आणण्याचा हुकूम सुटतो. इकडे विठोबा पाडेवाराचे रूप घेऊन दरबारात हजर होतो, धान्याचे मोल चुकते करतो आणि त्याची पावती मागून घेतो. ती पावती पंतांना सापडते कोठे, तर नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत.

आता हे आख्यान पूर्वग्रह बाजूस ठेवून वाचावे. पंतांविरुद्ध चहाडी कोण करतो? बादशहाचा कोणी धर्मबंधू नव्हे. पंतांच्याच हाताखालचा, त्यांचाच स्वधर्मीय मुजुमदार. बादशहा कोपतो तो कशावर? पंतांच्या विठ्ठलभक्तीवर नव्हे, तर आज्ञेवाचून रिकाम्या झालेल्या कोठारावर. आणि विठूला पाहून ज्याचे चित्त हरपते, जो पुढे पंतांनाच ‘तो तुमचा विठू पुन्हा दाखवा’ म्हणून विनवितो, तो हाच बादशहा. महिपतीने त्याला खलपुरुष केलेले नाही. ते काम पुढील रंगवणाऱ्यांचे.

परंतु आख्यानाचे मर्म त्या पावतीत आहे. कोठार उघडण्याची प्रेरणा पंतांना भक्तीने दिली, हे निर्विवाद. ‘धर्म हा मनाचा गाभा आहे, अधिकारी खुर्चीवर बसताना तो घरी ठेवून कसा येईल?’ असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा येथवर खरा आहे. पण महिपती येथे थांबत नाही. ‘मी देव आहे, माझ्या भक्तास हिशेब विचारू नका,’ असे विठोबा म्हणत नाही. तो परधर्मीय बादशहाच्या खजिन्यात रोकड भरतो आणि रीतसर पावती घेतो. प्रेरणा धर्मातून यावी. हिशेब मात्र अशा भाषेत द्यावा की जी भिन्न धर्माच्या माणसासही मान्य व्हावी. अधिकारपदाची याहून नेमकी कसोटी आपल्या जुन्या वाङ्मयात मला अन्यत्र आढळलेली नाही.

समानधर्मीयांच्या राज्यात अधिकारी सुरक्षित असतो, हा समजही बिदरनेच खोटा ठरविला आहे. महमूद गावान हा बहामनी राज्याचा कर्तबगार वजीर. १४७२ मध्ये त्याने बांधलेल्या मदरशाचे अवशेष आजही विद्यार्थ्यांना दाखविता येतात. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याचा शिरच्छेद झाला. मारणारे आणि मरणारा, दोघेही मुसलमान. वैर होते ते दक्षिणी आणि परदेशी या दोन तटांचे. गावान इराणातील गीलानचा, एवढा त्याचा अपराध पुरेसा ठरला. माणसाची परीक्षा कामावरून करावयाची नाही असे एकदा ठरले, की धर्म एक असला तरी दुसरी कोणती तरी खूण सापडतेच. आम्हां सीमेवरच्या मराठी भाषकांना हे निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात ही कसोटी अगदी प्रत्यक्ष लागली ती १९८० साली. आंबेत गावचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले त्या वर्षी जूनमध्ये मुख्यमंत्री झाले. त्या पदावर आलेले ते पहिले मुसलमान. त्यांच्या कारकीर्दीत कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले आणि भवानी तलवार इंग्लंडातून आणण्याची भाषा झाली. त्याबद्दल पुष्कळांनी त्यांची पाठ थोपटली. पण त्या कौतुकातही एक गोम होती. शिवछत्रपतींविषयीचा आदर इतर मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत गृहीत धरला जातो. त्यांच्या बाबतीत तो दाखल्यासारखा तपासून पाहिला गेला. निंदेइतकीच स्तुतीही धर्मावर नजर ठेवून करता येते. जानेवारी १९८२ मध्ये अंतुले पायउतार झाले ते मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालामुळे. प्रतिष्ठानास मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा त्यात संबंध जोडला गेला होता. म्हणजे न्यायासनाने त्यांना त्यांचा देव विचारला नाही; कोठाराचा हिशेब विचारला. हीच उचित रीत होय.

आपल्या राज्यघटनेनेही हीच रीत पत्करली आहे. राष्ट्रपतिपदासाठी नागरिकत्व व पस्तीस वर्षे वय या अटी तिने घातल्या, धर्माची घातली नाही. शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हेही ज्याच्या त्याच्यावर सोपविले. धर्माच्या नावावर मते मागणे हा लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने भ्रष्टाचार ठरतो. विलेपार्ले येथील १९८७ ची पोटनिवडणूक याच कारणावरून रद्द झाली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे २०१७ मध्ये चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने त्या न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावावरही मत मागता येणार नाही.

तथापि महिपतीच्या आख्यानातील एक उणीव दाखविल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. विठोबा पाडेवार होऊन दरबारात येतो, या देवाच्या नम्रतेने कवी सद्गदित होतो. पण खरा पाडेवार पंतांच्या जागी का बसू शकत नाही, हा प्रश्न त्याला सुचत नाही. निरोप आणावयास महार चालतो. कोठाराच्या किल्ल्या त्याच्या हाती जात नाहीत. त्या किल्ल्या घटनेने दिल्या. आमचा औराद मतदारसंघ २००८ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, हे त्याचेच फळ. मात्र येथे एक अवघड गोष्टही मान्य केली पाहिजे. १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जातीत गणना होण्यास आरंभी हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती वा मुसलमान झालेल्यास राखीव जागेवर उभे राहता येत नाही. म्हणजे आमच्याच दारी उमेदवाराचा धर्म कायद्याने विचारला जातो. हेतू श्रद्धेची परीक्षा घेण्याचा नाही, अस्पृश्यतेच्या अन्यायाचे निवारण करण्याचा आहे, हे खरे. पण धर्म बदलला म्हणून गावाची नजर त्याच दिवशी बदलते काय? ‘धर्म पाहू नये’ असे इतरांस सांगणाऱ्या आपण या प्रश्नाकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

कायदा उमेदवाराची जीभ आवरू शकतो, मतदाराचे मन नव्हे. ते काम शिक्षकांचे आहे, आणि त्यासाठी नव्या पाठाची गरज नाही. दामाजीचे आख्यान वर्गात सांगताना बादशहाच्या दाढीवर थांबू नये. मुलांना पोथीतल्या पावतीपर्यंत न्यावे. उद्या मत मागावयास येणाऱ्यास ती मुले ‘तुमची पोथी कोणती?’ असे न विचारता ‘पावती कोठे आहे?’ असे विचारतील, तर महिपतीचे श्रम आणि आपलेही सार्थकी लागतील.