बिल भलत्याच्याच नावावर

अबुधाबीत लॅपटॉप संथ झाला की मराठी घरांत दोन निदाने ठरलेली असतात. एक, मशीन जुने झाले. दोन, इथल्या उन्हाळ्यापुढे त्या बिचाऱ्याचे काही चालत नाही. दोन्ही निदानांचा शेवट मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होतो. मी इथे पोस्टडॉक म्हणून काम करते. 'तू संगणकवाली ना, जरा बघ' असे म्हणून ओळखीच्यांचे लॅपटॉप शनिवार-रविवारी माझ्यापुढे येतात. त्यातल्या कितीतरींचे दुखणे वयाचे नसते आणि उन्हाचेही नसते. ब्राउझर उघडला की पंखा घरघरू लागतो, बंद केला की शांत होतो. आत डोकावले तर दहा-बारा एक्स्टेन्शन्स ठाण मांडून बसलेली असतात. तरीही माझी तक्रार ती लिहिणाऱ्यांपेक्षा ब्राउझरवर जास्त आहे. खर्च कोण करते आहे हे त्याला सांगता आले पाहिजे, आणि तो बिल भलत्याच्या नावावर फाडतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. पुष्कळ जण अजूनही 'प्लगइन' म्हणतात. खरे प्लगइन म्हणजे फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट. हे ब्राउझरला बाहेरून जोडलेले वेगळे प्रोग्राम होते. भारतात ई-निविदा भरणाऱ्यांना डिजिटल सहीसाठी जावाची किती आराधना करावी लागे, ते आठवत असेल. क्रोमने सप्टेंबर 2015 मध्ये त्या जुन्या पद्धतीच्या प्लगइन्सना दार बंद केले आणि 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचाही आधार संपला. आज आपण जी बसवतो ती एक्स्टेन्शन्स. ती ब्राउझरच्या आतच, त्याच्या परवानगीने चालतात.

एक्स्टेन्शनचे सहसा दोन भाग असतात. एक पडद्यामागे बसून राहतो. दुसरा तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानात शिरतो. शब्दावर बोट ठेवताच अर्थ सांगणारे, इंग्रजी सुधारणारे, खरेदीच्या वेळी कूपन शोधणारे, पान काळे करून डोळ्यांना आराम देणारे, या सगळ्यांना पानात शिरावेच लागते. आता गुणाकार करा. तीस टॅब आणि अशी दहा एक्स्टेन्शन्स म्हणजे तीनशे ठिकाणी कुणीतरी पहारा देत बसले आहे. पानात काही बदलले, जाहिरात सरकली, खाली नवा मजकूर आला, की यांतले कित्येक पुन्हा उठून पान तपासतात. एकेकट्याचा भार क्षुल्लक असेल, पण सगळ्यांची बेरीज प्रोसेसरला घाम फोडते.

मग हे पकडायचे कसे? क्रोममध्ये टास्क मॅनेजर आहे. विंडोजवर शिफ्ट आणि एस्केप दाबा, किंवा 'मोअर टूल्स'च्या यादीत तो शोधा. कोणता टॅब किती सीपीयू खातो ते ओळीने दिसते, आणि एक्स्टेन्शन्सच्याही स्वतंत्र ओळी दिसतात. सोय चांगली आहे, अर्धवट आहे. एक्स्टेन्शनच्या ओळीत फक्त त्याचा पडद्यामागचा भाग मोजला जातो. पानात शिरलेला भाग त्या पानाच्याच प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे त्याचा खर्च टॅबच्या खात्यावर पडतो. तुम्ही एखाद्या मराठी वृत्तपत्राचे पान उघडता, टॅबपुढे मोठा आकडा दिसतो आणि तुम्ही त्या वृत्तपत्राला नावे ठेवता. कधी ती नावे योग्यही असतात. पण त्याच ओळीत तुमच्या शब्दकोशाचा, कूपनवाल्याचा आणि काळ्या पडद्याचा खर्च मिसळलेला असतो, आणि ब्राउझर तो वेगळा करून दाखवत नाही.

एक्स्टेन्शनच्या दुकानात तर हिशेबाची वहीच नाही. तिथे तारे असतात, वापरणाऱ्यांची संख्या असते, सुंदर चित्रे असतात. भारतात 2006 पासून विजेच्या उपकरणांवर तारे येऊ लागले, आणि इथे अमिरातीतही एसी घेताना आपण तारे मोजतो. ते तारे उपकरण किती वीज खाईल ते सांगतात. क्रोमच्या दुकानातले तारे फक्त लोक खूश आहेत एवढेच सांगतात. दर पानामागे हे किती वेळ घेईल, याची एक ओळ तिथे असती तर निम्म्या लोकांनी निम्मी एक्स्टेन्शन्स बसवलीच नसती.

'पंखा फिरला तर फिरला, एवढे काय?' असे कुणी म्हणेल. पण संथपणा आणि धोका एकाच मुळातून येतात. जे एक्स्टेन्शन प्रत्येक पानात शिरते, ते प्रत्येक पान वाचूही शकते, बँकेचेसुद्धा. बसवताना 'सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे व बदलणे' अशा अर्थाची जी ओळ आपण न वाचता मान्य करतो, तिचा अर्थ तोच. सप्टेंबर 2017 मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा आली. तिचा कोड पानात टाकला की पाहुण्याच्या प्रोसेसरवर मोनेरो हे आभासी चलन खणले जाई. त्याच महिन्यात सेफब्राउझ नावाच्या क्रोम एक्स्टेन्शनमध्ये हा कोड सापडला. तिथे वाढलेला सीपीयू हीच चोरीची खूण होती. गुगलने एप्रिल 2018 मध्ये असली एक्स्टेन्शन्स घेणे थांबवले, आणि मार्च 2019 मध्ये कॉइनहाइव्हही बंद पडले.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. द ग्रेट सस्पेंडर हे एक्स्टेन्शन वापरात नसलेले टॅब झोपवून संगणक हलका करायचे. वीस लाखांच्या आसपास लोक ते वापरत. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्या कुणाला तरी सोपवले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने घातक कोडच्या कारणावरून ते काढून टाकले. मालक बदलला तेव्हा वापरणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते. परवानग्या त्याच राहिल्या तर क्रोम नव्याने विचारत नाही. आपण किल्ली शेजाऱ्याला दिली होती, त्याने घर विकले आणि किल्ली नव्या मालकाकडे गेली.

इथल्या मंडळींना याची झळ जास्त लागते. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, म्हणून गावाकडच्या आईवडिलांशी बोलण्यासाठी कुणी ना कुणी 'फुकट व्हीपीएन' सुचवतेच. व्हीपीएनआड गुन्हा केल्यास इथला कायदा कडक आहे, तो भाग वेगळा. पण फुकटाची किंमत कोण देते? होला या लोकप्रिय फुकट व्हीपीएनबद्दल 2015 मध्ये गाजले ते हे, की फुकट वापरणाऱ्यांच्याच इंटरनेट जोडणीतून इतरांची वाहतूक जाते आणि ती सोय कंपनी दुसऱ्या नावाने विकते.

म्हणून सगळीच एक्स्टेन्शन्स काढून टाकायची का? हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो आळशी आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे फॉन्ट आपापले असत. तो फॉन्ट नसेल तर परदेशातल्या वाचकाला नुसती अक्षरांची खिचडी दिसे. तेव्हा फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचे एक्स्टेन्शन होते. ते अशा खासगी फॉन्टमधला भारतीय भाषांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. पानातले प्रत्येक अक्षर बदलणे हे भारी काम, पण त्या भाराच्या बदल्यात वाचता येत होते. जाहिराती अडवणारे चांगले एक्स्टेन्शन तर बहुधा जेवढे खाते त्याहून अधिक वाचवते, कारण जाहिरातींचा कोड चालतच नाही. तरी गुगलने मॅनिफेस्ट व्ही3 हे नवे नियम आणून युब्लॉक ओरिजिनसारख्यांचे पंख कापले. कारणे वेग आणि सुरक्षिततेची दिली. पडद्यामागचा भाग आता रिकामा असला की झोपतो, ही सुधारणा खरी. पण पानात शिरणारा भाग होता तसाच आहे. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने नेमके कुठे कापले आणि कुठे सोडले, ते वाचकांनीच पाहावे.

तोवर हिशेब आपणच मांडायचा. संथ वाटणारे पान इनकॉग्निटो खिडकीत उघडा. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तेच पान तिथे हलके वाटले तर दोष पानाचा नाही. मग निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करा. फरक पडला तर बंद केलेल्यांत चोर आहे, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा निम्मी करा. सोळा असली तरी चार फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येते. एकाहून जास्त दोषी असतील तर पहिला काढून खेळ पुन्हा मांडा. उपयोगी पण जड ठरलेल्याला हाकलू नका. त्याच्या तपशिलात जाऊन संकेतस्थळांचा प्रवेश 'ऑन क्लिक' करा, म्हणजे बोलावल्याशिवाय ते पानात येणार नाही. नाशिकला किंवा सांगलीला बसलेल्या बाबांना फोनवरूनही हे सांगता येते. फक्त आपल्या रात्री नऊला तिकडे साडेदहा झालेले असतात, एवढे लक्षात ठेवा.

पण हे काम बाबांचे नाही, माझेही नाही. कोणता कोड कुठल्या एक्स्टेन्शनने पानात आणला, हे ब्राउझरला माहीत असते, कारण त्यानेच तो आत सोडलेला असतो. ती नोंद माणसाला वाचता येईल अशी दाखवणे अशक्य नाही. ती दिसत नाही तोवर लोक नवे लॅपटॉप घेत राहतील, जुन्या खात्याने लॉगिन करतील, आणि तीच दहा-बारा मंडळी नव्या घरात आपोआप राहायला येतील.