ताम्रधातूचे बहुवारिकीकरणातील कार्य : एका उपपत्तीचे परीक्षण

व्हिनिल एकवारिकांच्या मुक्त-मूलक बहुवारिकीकरणात रेणुभारावर नियंत्रण ठेवणे दीर्घकाळ दुःसाध्य मानले जात असे. १९९५ साली क्रिस्टॉफ मात्याशेव्स्की व जिन-शान वांग यांनी क्युप्रस क्लोराइड व बायपिरिडीन यांच्या योगे १३०° से. तापमानास स्टायरीनच्या बाबतीत ते साध्य केले. क्युप्रस संयुग सुप्त साखळीच्या टोकाचा हॅलोजन अणू काढून घेते व मूलक निर्माण होते. क्युप्रिक संयुग तो अणू परत देऊन साखळीस पुन्हा सुप्तावस्थेत नेते.

२००६ साली व्हर्जिल पेर्सेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताम्रधातूच्या साह्याने २५° से. तापमानास अतिजलद बहुवारिकीकरण घडवून निराळी उपपत्ती मांडली. तिच्यानुसार साखळीस इलेक्ट्रॉन देतो तो धातूचा पृष्ठभाग. क्युप्रस संयुग उत्पन्न होताच त्याचे धातू व क्युप्रिक संयुग यांत विषमानुपातन होते. उलट, मात्याशेव्स्कींच्या मते प्रमुख सक्रियक क्युप्रस संयुगच होय. धातू हा केवळ पूरक सक्रियक व क्षपणकारक आहे.

नव्या उपपत्तीच्या समर्थनार्थ पुढे केली जाणारी प्रमाणे तपासून पाहणे अगत्याचे आहे. एकवारिकाच्या व्ययाचा लघुगणकीय आलेख सरळ रेषेत येतो, यावरून मूलकांची संहती स्थिर आहे एवढेच सिद्ध होते. रेणुभाराचे वितरण अरुंद असल्यास प्रारंभ व निष्क्रियीकरण त्वरित होतात, एवढेच कळते. सक्रियक कोण, याविषयी ही दोन्ही प्रमाणे मूक आहेत. त्याचा निर्णय प्रत्येक पायरीचा वेग स्वतंत्रपणे मोजूनच लागू शकतो. डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये अशी मापने झाली, तेव्हा क्युप्रस संयुगाचा वेग धातूच्या मानाने फारच अधिक आढळला आणि विषमानुपातन मंद ठरले.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. २०१३ साली डेव्हिड हॅडलटन यांच्या गटाने एकवारिक मिसळण्यापूर्वीच क्युप्रस ब्रोमाइडचे पाण्यात विषमानुपातन होऊ दिले व त्यानंतर नियंत्रित बहुवारिकीकरण साधले. पद्धती म्हणून हा प्रयोग मोलाचा आहे. तथापि पाण्यातील समतोलावरून अन्य द्रावकातील यंत्रणा सिद्ध होत नाही. शिवाय, समतोल विक्रियेची दिशा सांगतो, वेग नव्हे; आणि पाण्यात अल्पांशाने उरलेले क्युप्रस संयुगही अत्यंत क्रियाशील असते.

हा वाद केवळ नावाचा नव्हे. पेर्सेक यांची उपपत्ती ग्राह्य मानल्यास विषमानुपातनास अनुकूल असाच द्रावक निवडावा लागतो. ती त्याज्य ठरल्यास ते बंधन उरत नाही, आणि परस्पर-संयोगाने काही मूलके नष्ट झाल्यामुळे साचणाऱ्या क्युप्रिक संयुगाचे क्षपण करणे, हेच तारेचे मुख्य कार्य ठरते. पेर्सेक यांनी प्रयोगशाळेस सुलभ व उपयुक्त पद्धती दिली, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पद्धतीचे यश हे उपपत्तीचे प्रमाण नव्हे. म्हणूनच यंत्रणा गृहीत धरणारे नाव तिला आरंभीच देणे शास्त्रीय शिस्तीस धरून झाले नाही.