'किल्ला' संपतो तिथून पुढे

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मी पहिल्यांदा पाहिला तो जालन्यात. बारावीच्या सुट्टीत, दोस्ताच्या मोबाइलवर, दोघांत एक हेडफोन वाटून घेऊन. दुसऱ्यांदा पाहिला तो पुण्यात, कॉट बेसिसच्या खोलीत, एकट्यानं. मधे सहा वर्षं गेली होती. पहिल्या वेळी तो मला कोकणातल्या पावसाचा सिनेमा वाटला होता. दुसऱ्या वेळी तो आमच्या दोघांचा वाटला.

गोष्ट छोटीशी आहे. वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहानशा गावात येतो. बंड्या आणि त्याची पोरं त्याला आपल्यात घेतात. तो रुळतो न रुळतो तोच आईची पुन्हा बदली होते. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्युरीनं या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिलं, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मोठ्यांच्या आधी पोरांनी त्याला पसंत केलं, याचं मला नवल वाटत नाही.

दोस्तीवरचा सिनेमा म्हटलं की आपल्याला 'दुनियादारी' आठवतो. कट्टा, राडा, एकमेकांसाठी जीव टाकणं. 'किल्ला'त यातलं काही नाही. त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे सायकलींची शर्यत. पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस झोडपायला लागतो, आणि चिन्मय बाहेर येतो तेव्हा बाकीचे निघून गेलेले असतात. बस, एवढंच. पण त्यानंतर चिन्मय भांडत नाही, मिटून जातो. पार्थ भालेरावचा बंड्या बडबड्या आहे, अर्चित देवधरचा चिन्मय अबोल. आणि या दोघांमधली शांतता कॅमेरा घाई न करता दाखवत राहतो. दोस्ती अंतरानं तुटत नाही, न बोललेल्या गोष्टीनं तुटते, हे या सिनेमाला नेमकं कळलंय.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. निरोपाच्या आधी पोरांमधला दुरावा मिटतो, आणि चिन्मय गाव सोडतो तिथे सिनेमा संपतो. आपण हळवे होऊन उठतो. पण खरी परीक्षा तर त्यानंतर असते ना? चिन्मय नव्या गावात काय करतो, त्यापेक्षा मला आता बंड्याचं काय झालं हे जास्त छळतं. जाणाऱ्याची गोष्ट सगळे सांगतात. राहणाऱ्याकडे कॅमेरा वळत नाही.

हे मी बोलतोय, कारण जाणारा मी होतो. आम्ही दोघं कुंडलिकेच्या काठानं मस्तगडाकडे सायकली हाणायचो; आमचा किल्ला तोच. मी ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालो तेव्हा तो मंठा चौफुलीवर सोडायला आला होता. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. पहिल्या वर्षी रोज फोन, मग रविवारी, मग वाढदिवसाला. नंतर फक्त स्टेटस. त्याच्या शेतातली मोसंबी, त्याच्या बहिणीची हळद, सगळं मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मी विचारत नव्हतो. खबर असली की विचारपूस केल्यासारखं वाटतं.

मग त्याचे वडील गेले. तेही मला स्टेटसवरच कळलं, चौथ्या दिवशी. शाळेच्या ग्रुपवर पन्नास जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं होतं. मी एक्कावन्नावा. ज्या माणसानं मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं होतं, त्याच्यासाठी मी दोन तयार शब्द चिकटवले. त्याचं उत्तर आलं नाही, आणि मी त्याच्यावरच रुसलो. चिन्मयसारखा. फरक इतकाच की इथे पावसात एकटा पडलेला तो होता आणि निघून गेलेला मी.

सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला तो त्यानंतर. त्या जूनमध्ये जालन्याला गेलो. वडिलांचं बियाण्याचं दुकान आता तोच सांभाळतो. पेरणीचे दिवस, काउंटरवर ही गर्दी. त्यानं वर पाहिलं.

"कधी आला?"

"सकाळी."

"बस. एवढं गिऱ्हाईक करतो."

मी दोन तास बसलो. मधे कपाशीच्या पिशव्या आतून आणून दिल्या. दुकान रिकामं झालं तेव्हा मी म्हटलं, "काका गेले तेव्हा यायला पाहिजे होतं मी." तो पावत्या लावत राहिला. मग म्हणाला, "पाहिजे होतं."

त्यानं माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. आमचं पूर्वीसारखं झालेलं नाही, होणारही नाही. पण आता मी स्टेटस बघून थांबत नाही, फोन लावतो. कधी तो उचलतो, कधी गिऱ्हाईक असतं.

'किल्ला' चांगला सिनेमा आहे, पुन्हा बघा. फक्त शेवटी डोळे पुसून झाल्यावर मोबाइल खाली ठेवू नका. तुमचा बंड्या कुठल्या तरी गावात अजून राहत असेल.