मॅक्शेन यांचे वाचनकोष्टक: काही विचार

नव्या वर्षाच्या आरंभी शास्त्रवाचनाची कोष्टके वाटण्याची प्रथा आमच्या मंडळ्यांना परिचित आहे. त्यांपैकी रोज चार अध्यायांचे जे कोष्टक, ते स्कॉटलंडमधील डंडी येथील सेंट पीटर्स मंडळीचे पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या लोकांसाठी तयार केले. दोन अध्याय कुटुंबात, दोन एकान्तात. वर्षात जुना करार एकदा, नवा करार व स्तोत्रे दोनदा. पहिल्याच दिवशी उत्पत्ति, मत्तय, एज्रा व प्रेषितांची कृत्ये यांचे पहिले अध्याय शेजारी येतात. सृष्टीचा आरंभ, ख्रिस्ताचा, बंदिवासातून परतलेल्यांचा व मंडळीचा! योजकाची दृष्टी यात दिसते.

परंतु भार हलका नाही. एकंदर अध्याय १,५९९ होतात, म्हणजे रोजचे चारांहून अधिक. म्हणून काही दिवशी लहान अध्याय जोडून द्यावे लागतात. मार्चच्या अखेरीस लेवीय सुरू होतो, आणि पुष्कळांचे वाचन तेथेच थांबते, हा पाळकांचा नित्याचा अनुभव आहे. स्वतः मॅक्शेन २५ मार्च १८४३ रोजी, वयाची तीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, निवर्तले. आपले कोष्टक मंडळीत कसे टिकते हे पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

तथापि धोके त्यांनी आधीच ओळखले होते. कोष्टकासोबतच्या निवेदनात त्यांनी औपचारिकपणा, आत्मसंतोष व निष्काळजी वाचन यांविषयी सावध केले. योजना जू वाटू लागल्यास ती बेडी टाकून मोकळेपणाने वाचा, असेही सुचविले. आम्ही कोष्टक उचलले आणि निवेदन मात्र सोडून दिले. आज मोबाइलवर रोज ठरल्या वेळी आठवण येते. चुकलेल्या दिवसांची संख्याही दिसते. बेडीला आता घंटाही जोडली आहे.

आमचा खरा आक्षेप मात्र निराळा आहे. कुटुंबाच्या स्तंभात जुन्या कराराचा उत्पत्तीपासून २ इतिहासापर्यंतचा भाग येतो; एज्रापासून मलाखीपर्यंतचा एकान्ताच्या स्तंभात जातो. परिणामी यशया, यिर्मया, आमोस, मीखा घरात मोठ्याने ऐकू येत नाहीत. ज्या घरी वृद्ध आईला अक्षरओळख नाही, तिच्यापुरते हे संदेष्टे मुकेच राहतात. न्यायाविषयीचे आमोसाचे शब्द एकट्याने मनात वाचण्यासाठी उच्चारलेले नाहीत. ते बेथेल येथे लोकांसमोर बोलले गेले.

येथे १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाची आठवण होते. क्रॅन्मर यांनी स्तोत्रे महिन्यातून एकदा, जुन्या कराराचा बहुतेक भाग वर्षातून एकदा व नवा करार (प्रकटीकरण सोडून) तीनदा असा क्रम लावला. पण तो सकाळ-संध्याकाळच्या मंदिरातील उपासनेसाठी. १५५२ च्या आवृत्तीत तर पाळकाने घंटा वाजवून लोकांना बोलवावे असे आहे. एखाद्याचा दिवस चुकला तरी वाचन चालूच राही, कारण ते एकट्यावर अवलंबून नव्हते. मॅक्शेन यांनाही हेच अभिप्रेत असावे. सर्व मंडळी एकाच दिवशी एकच पान उघडते, हा त्यांच्या योजनेचा एक मोठा लाभ त्यांनी सांगितला होता.

म्हणून पाळकांना व प्रचारकांना आमची सूचना इतकीच की, नव्या घरी चारही स्तंभ देऊ नयेत. पहिल्या वर्षी कुटुंबाचे दोन पुरेत, आणि तेही जड जात असल्यास त्यांतील एकच. दुसऱ्या वर्षी स्तंभांची अदलाबदल करावी, म्हणजे संदेष्टे दिवाणखान्यात येतील. खंड पडल्यास मागचे भरून काढण्याचा आग्रह धरू नये. त्या दिवशी मंडळी जेथे आहे तेथेच पान उघडावे.