बिनतारी सुरक्षा-परीक्षणाच्या साधनांतील आवृत्तिभेद: एक चिकित्सा

कोणत्याही शास्त्राची साधने बदलली म्हणजे त्या शास्त्राच्या अभ्यासकांत दोन पक्ष पडतात, हा नेहमीचा अनुभव आहे. एक पक्ष नव्या साधनाचे, ते नवे आहे एवढ्याचसाठी, स्वागत करतो. दुसरा पक्ष हाताला बसलेली जुनी रीत मोडली म्हणून त्याला दोष देतो. बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षिततेचे परीक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत २०१४ नंतर हाच प्रकार वारंवार घडला आहे. एअरक्रॅक-एनजी, किस्मेट, हॅशकॅट व एचसीएक्सडंपटूल ह्या चारही प्रमुख साधनांनी ह्या काळात जुन्या रीतीशी न जुळणारे बदल केले. त्यामुळे अनेक पाठ्यटिपणे व प्रयोगवह्या ह्यांतील आज्ञा निरुपयोगी ठरल्या. ह्या बदलांची जी चर्चा होते ती बहुधा सोयीगैरसोयीच्या पातळीवरच थांबते. वस्तुतः प्रश्न निराळा आहे. परीक्षणाच्या साधनाने दिलेले उत्तर हा एक पुरावा असतो. तेव्हा बदलामुळे त्या पुराव्याची विश्वसनीयता वाढली की घटली, हाच चिकित्सेचा खरा निकष मानला पाहिजे.

हा निकष लावताना ह्या साधनांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. हिशेबाचे साधन बिघडले तर बेरीज चुकते आणि ती चूक केव्हातरी उघडकीस येते. परीक्षणाच्या साधनाला काही सापडले नाही, तर ते न सापडणे हेही उत्तरच समजले जाते. “काही आढळले नाही” ह्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात: दोष नाही, किंवा दोष शोधलाच गेला नाही. कागदावर ही दोन्ही वाक्ये अक्षरशः सारखी दिसतात. म्हणून जो बदल जुनी आज्ञा देताच स्पष्ट नकार देतो तो कितीही त्रासदायक असला तरी प्रामाणिक होय. आणि जो भेद मुकाट्याने रिकामे उत्तर हाती ठेवतो तो सुरक्षिततेचे खोटे प्रमाणपत्र देतो.

प्रथम एअरक्रॅक-एनजी ह्या संचातील एअरमॉन-एनजीचे उदाहरण घ्यावे. पूर्वी हे साधन ‘डब्ल्यूलॅन-०’ ह्या मूळ इंटरफेसच्या जोडीला केवळ ऐकण्याचे काम करणारा ‘मॉन-०’ नावाचा दुसरा इंटरफेस निर्माण करीत असे. २०१४ च्या सुमारास त्याची जागा घेणाऱ्या नव्या रूपाने ही पद्धत सोडली आणि मूळ नावालाच ‘मॉन’ हा प्रत्यय जोडला. शेकडो पाठांतून लिहिलेले ‘मॉन-०’ हे नाव त्यामुळे एकाएकी निराधार झाले. हा बदल वरवरचा, केवळ नामांतराचा वाटतो. परंतु कोणत्या मूळ इंटरफेसपासून कोणता ऐकणारा इंटरफेस झाला, हे नव्या नावावरूनच कळते, हा त्यातील लाभ नाकारता येत नाही. लिनक्समध्ये इंटरफेसचे नाव १५ अक्षरांहून मोठे असू शकत नाही. काही यूएसबी उपकरणांना मिळणारे नाव मुळातच १५ अक्षरांचे असल्याने त्यांना प्रत्यय जोडता येत नाही, आणि साधनाला जुन्या धर्तीचे नाव योजावे लागते. म्हणजे नवा नियमही सर्वत्र एकरूप नाही. तथापि जुने नाव दिल्यास असे उपकरण नाही असेच उत्तर मिळते. येथे अडचण आहे, पण फसवणूक नाही.

हॅशकॅटच्या बाबतीतील बदल अधिक अर्थपूर्ण आहे. डब्ल्यूपीए जाळ्याशी जोडणी होताना जी चार संदेशांची देवाणघेवाण होते, तिच्यातील आवश्यक अंश एका ठरावीक साच्यात भरून हे साधन संकेतशब्दाची परीक्षा करते. हा साचा प्रथम ३९२ बाइटांचा होता. त्यावर स्वतःची ओळख सांगणारी कोणतीही खूण नव्हती. २०१७ मध्ये आलेला साचा ३९३ बाइटांचा. त्याच्या आरंभी चार अक्षरांची खूण व आवृत्तीचा क्रमांक आला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये हॅशकॅटचे कर्ते येन्स श्टॉइबे ह्यांनी पीएमकेआयडीवर आधारलेली नवी रीत प्रसिद्ध केली. तिच्यासाठी चार संदेशांची गरजच नव्हती, आणि म्हणून जुन्या साच्यात ती बसेना. काही काळ १६८०० व २५०० अशा दोन पृथक् क्रमांकांनी काम चालले. २०२० मधील ६.० ह्या आवृत्तीने दोहोंना २२००० ह्या एकाच क्रमांकाखाली आणले आणि द्विमान साच्याऐवजी एका ओळीचा वाचनीय मजकूर स्वीकारला.

ह्या बदलाचे समर्थन विषयाच्या स्वरूपातूनच निघते. प्रत्येक संभाव्य संकेतशब्दापासून किल्ली काढण्यासाठी ४०९६ आवर्तनांचे खर्चिक गणित करावे लागते. दोन क्रमांक वेगळे असताना एकाच जाळ्यासाठी हे गणित दोनदा करणे भाग पडे. एकत्र आल्यावर ते एकदाच पुरते. शिवाय ओळीतील ‘०१’ किंवा ‘०२’ ह्या अंकांवरून पुरावा कोणत्या जातीचा आहे हे अभ्यासकाला डोळ्यांनी वाचता येते. जुना २५०० क्रमांक मागितल्यास साधन तो कालबाह्य झाल्याचे सांगून २२००० कडे बोट दाखवते. बदल करावा तर असा: कारण विषयातून यावे, आणि मोडलेल्या वाटेवर पाटी लावलेली असावी.

किस्मेटच्या २०१९ मधील पुनर्लेखनाविषयी मात्र निर्णय इतका सरळ देता येत नाही. अक्षरपटलावरील जुने दर्शन जाऊन ब्राउझरमधील दर्शन आले, ही बाब गौण आहे. महत्त्वाचा बदल नोंदींचा. पूर्वी एका सत्रातून नेटएक्सएमएल, पीकॅपडंप इत्यादी अनेक फाइली निघत. आता पकडलेल्या फ्रेम, आढळलेली उपकरणे व इशारे ही सर्व एसक्यूलाइटच्या एकाच कोशात साठवली जातात. पुराव्याच्या दृष्टीने ही प्रगतीच होय, कारण सारांश आणि त्याचा मूळ आधार ह्यांची ताटातूट होत नाही. कोशात त्याच्या रचनेचा आवृत्ति-क्रमांक नोंदलेला असतो आणि त्यातून जुन्या धर्तीच्या फाइली काढण्यासाठी पूरक साधनेही पुरवलेली आहेत. तरीही येथे एक धोका उरतो. जुन्या फाइलींवर प्रक्रिया करणाऱ्या ज्या लहान आज्ञावल्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडून घेतल्या, त्यांतील एखादी फोल्डरमध्ये नेटएक्सएमएल शोधते. ती न मिळाल्यास तक्रार न करता शून्य जाळ्यांचा तक्ता छापते. दोष किस्मेटचा नव्हे. परंतु मोडतोड साधनात न होता साधनाच्या वाचकात झाली की ती कोणाच्याच लक्षात येत नाही.

चौथे उदाहरण एचसीएक्सडंपटूलचे. २०२३ मधील ६.३ ह्या आवृत्तीत ह्या साधनाचे पर्याय जवळजवळ मुळापासून बदलले. चॅनेलच्या क्रमांकापुढे पट्टा दर्शवणारे अक्षर लिहिणे आवश्यक झाले. हा जाच अकारण नाही. चॅनेल १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ, हे समीकरण ६ गिगाहर्ट्झचा पट्टा येईपर्यंतच निःसंदिग्ध होते. त्या पट्ट्यातही चॅनेल १ आहे, आणि तो ५९५५ मेगाहर्ट्झवर आहे. नुसता ‘१’ हा अंक आता पाठभेदाला जागा देतो, म्हणून अक्षराची जोड हवी. ह्याच आवृत्तीने परवानगी असलेल्या जाळ्यांपुरते परीक्षण मर्यादित ठेवणारी जुनी सोपी यादी काढून टाकली आणि तिच्या जागी बीपीएफ ही गाळणी आणली. ह्या गाळणीमुळे नको असलेल्या फ्रेम कर्नलच्या पातळीवरच अडतात, साधनापर्यंत पोचतच नाहीत. तांत्रिक दृष्ट्या ती अधिक भक्कम आहे. परंतु ती आधी निराळी तयार करून घ्यावी लागते, आणि ज्याला ते जमत नाही असा नवशिका गाळणीवाचूनच साधन चालवण्याचा संभव वाढतो. मग शेजारच्या इमारतीतील, परवानगी न दिलेली जाळीही परीक्षणात ओढली जातात. भारतात ही बाब माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४३ व ६६ ह्या कलमांच्या कक्षेत येऊ शकते. शक्ती वाढवताना संयमाचे साधन दुर्गम करणे, हा ह्या बदलातील खरा उणेपणा होय.

ह्या सर्व त्रासावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: जुनी आवृत्ती गोठवून ठेवावी आणि तिच्यावरच काम चालवावे. पूर्वीचा प्रयोग पुन्हा तंतोतंत करून पाहण्यासाठी हा उपाय योग्यच आहे. परंतु आजच्या जाळ्याचे परीक्षण त्याने करणे घातक ठरते. साधन गोठले तरी विषय गोठत नाही. जोडणी तोडण्याच्या बनावट फ्रेम पाठवून पुन्हा होणारी जोडणी टिपणे, ही जुनी रीत. व्यवस्थापकीय फ्रेमना संरक्षण देणारे ८०२.११डब्ल्यू हे मानक २००९ मध्ये आले आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए-३ ने ते संरक्षण अनिवार्य केले. अशा जाळ्यावर जुने साधन कसलीही तक्रार न करता शेकडो फ्रेम पाठवते, उपकरणे त्यांकडे दुर्लक्ष करतात, हाती काहीच लागत नाही, आणि अहवालात “जाळे अभेद्य” असे वाक्य उमटते. तेच जाळे जुन्या उपकरणांसाठी त्याच संकेतशब्दाने डब्ल्यूपीए-२ चीही जोडणी देत असेल, तर खरा दुबळेपणा तसाच राहतो. मोडलेले नवे साधन निदान थांबवते. न मोडलेले जुने साधन चुकीच्या ठिकाणी निश्चिंत करते.

तेव्हा बदलाशी जुळवून घेणे म्हणजे नव्या आज्ञा पाठ करणे नव्हे. त्याचा अर्थ, पुराव्याची साखळी तुटू न देणे. त्यासाठी तीन गोष्टी अवश्य आहेत. पहिली, प्रबंधात वा अहवालात साधनाच्या नावाबरोबर त्याची आवृत्ती व दिलेली संपूर्ण आज्ञा नोंदवावी; आवृत्तीवाचून साधनाचा उल्लेख हा हस्तलिखिताचा निर्देश न करता पाठ देण्यासारखा आहे. दुसरी, रूपांतरित साच्यावर विसंबून न राहता मूळ पकडलेल्या फ्रेम जतन कराव्यात. साचे तीन वर्षांत बदलतात, मूळ फ्रेमवरून नवा साचा केव्हाही तयार करता येतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्यक्ष परीक्षणापूर्वी प्रयोगशाळेतील ज्ञात दोष असलेल्या जाळ्यावर नवी आवृत्ती चालवून पाहावी. ठाऊक असलेला दोष ज्या साधनाला सापडत नाही, त्याच्या रिकाम्या उत्तराला काहीही किंमत नाही. जो विभाग आपल्या प्रयोगवहीत ह्या तिसऱ्या गोष्टीला स्थान देईल, त्याला आवृत्तिभेदाचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.