पृष्ठतरंगांची गाळणी : एका प्रतिमानाचे सामर्थ्य व मर्यादा

विद्युत् संदेशांच्या गाळणीचा अभिकल्प हा विषय भाषाविज्ञानापासून दूरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु उच्चारित ध्वनीचे वर्णपट अभ्यासणाऱ्यांना गाळणी अपरिचित नाही. आणि एखादे प्रतिमान वस्तूचा कोणता भाग स्पष्ट करते व कोणता झाकून ठेवते, हा प्रश्न तर दोन्ही शास्त्रांना समान आहे. ह्या दृष्टीने हार्टमन, बेल व रोझेनफेल्ड ह्यांचा १९७३ सालचा, ध्वनि-पृष्ठतरंगांच्या गाळणीचा अभिकल्प आवेग-प्रतिमानाच्या आधारे मांडणारा निबंध पुनर्विचारास योग्य आहे. त्या प्रतिमानाचे साधे सूत्र विद्यार्थी सहज आत्मसात करतो. त्यामागील गृहीतके मात्र मागे राहण्याचा धोका असतो.

घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या तरंगांचे गणित लॉर्ड रॅले ह्यांनी १८८५ साली मांडले. पुढे १९६५ साली व्हाइट व व्होल्टमर ह्यांनी, दोन कंगव्यांचे दाते एकमेकांत शिरावेत अशा आकाराच्या धातूच्या पातळ पट्ट्या दाबविद्युत् स्फटिकावर बसवून विद्युत् संदेशापासून थेट पृष्ठतरंग निर्माण करता येतात, हे दाखविले. अशीच दुसरी रचना काही अंतरावर ठेवली असता ती त्या तरंगाचे पुन्हा विद्युत् संदेशात रूपांतर करते. लिथियम नायोबेटाच्या एका प्रचलित छेदावर ह्या तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ३४८८ मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८६ हजारांश आहे. त्यामुळे एक मायक्रोसेकंद एवढा काळ तेथे सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबीत सामावतो. काळाला असे मोजता येण्याजोगे अंतर लाभले, हेच ह्या गाळणीचे रहस्य होय.

येथे 'गाळणी' ह्या शब्दाचाच प्रथम विचार करावयास हवा. घरातील गाळणीत चोथा वर राहतो व रस खाली उतरतो. म्हणजे नको ते अडते आणि हवे ते जाते. पृष्ठतरंगांच्या गाळणीत असे अडविणारे छिद्र कोठेच नाही. तेथे एकाच संदेशाच्या अनेक प्रती निरनिराळ्या विलंबाने निघतात आणि त्यांची बेरीज होते. ज्या कंप्रतेसाठी ह्या प्रती एकमेकींशी जुळतात ती प्रबळ होते. जिच्यासाठी त्या परस्परविरोधी ठरतात ती बेरजेतच नाहीशी होते. रूढ शब्द टाकून देण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या व्याख्येत अडविण्याची कल्पना न ठेवता विलंबित प्रतींच्या बेरजेची कल्पना ठेवली पाहिजे.

उपर्युक्त निबंधाचे सामर्थ्य ह्याच ठिकाणी आहे. प्रत्येक दात्याचे स्थान म्हणजे एक क्षण आणि शेजारच्या दात्याशी होणारी त्याची परस्परव्याप्ती म्हणजे त्या क्षणाचे बल, असे मानले की पट्ट्यांची आकृती हाच गाळणीचा आवेग-प्रतिसाद होतो. त्याचे फूर्ये रूपांतर केले की कंप्रता-प्रतिसाद मिळतो. सर्व दाते समान असतील तर मुख्य शिखराशेजारचे पहिले उपशिखर केवळ सुमारे १३ डेसिबल खाली राहते. व्याप्ती कडांकडे क्रमाने कमी केली की उपशिखरे दबतात, मात्र मुख्य पट्टा रुंदावतो. तीक्ष्ण कडा हवी असेल तर लांब स्फटिक घेण्यावाचून गत्यंतर नाही. वर्णपटयंत्राच्या अभ्यासकाला हा नियम वेगळ्या रूपात ठाऊक असतो : ४५ हर्ट्झ रुंदीची गाळणी स्वरातील संनादी वेगळे दाखविते, पण काळातील बारकावे पुसून टाकते, ३०० हर्ट्झची गाळणी नेमके उलट करते.

निबंधकारांनी केवळ आकृतीचा आकार सांगून विषय सोडलेला नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा आधार घेऊन आवेग-प्रतिसादाचे परिमाण कंप्रतेच्या ३/२ ह्या घाताशी निगडित असल्याचे त्यांनी दाखविले आणि त्यावरून विद्युत्-प्रवेश्यता व संदेशाची हानी काढण्याचा मार्ग दिला. ज्या रचनेत दात्यांमधील अंतर क्रमाने बदलते तेथे हा घात वगळल्यास उत्तर चुकते. आकृती व तिचे रूपांतर एवढेच शिकवून हा भाग गाळणे म्हणजे निबंधाचा निम्मा आशय सोडून देणे होय.

तथापि प्रतिमानाचे मूळ गृहीतक असे, की प्रत्येक दाता आपला तरंग सोडतो आणि शेजारून जाणाऱ्या तरंगाची दखल घेत नाही. प्रत्यक्षात तो दखल घेतो. चतुर्थांश तरंगलांबीचे दाते अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने असले की त्यांवरून होणारी परावर्तने मध्य-कंप्रतेवर एकत्र साचतात. ती टाळण्यासाठी प्रत्येक दाता दुभंगून अष्टमांश तरंगलांबीचा करावा लागतो, आणि रेषा निम्म्या रुंदीच्या काढाव्या लागतात. शिवाय प्रत्येक रचना दोन्ही दिशांना तरंग सोडते. म्हणून आदर्श जुळणीतही ६ डेसिबल हानी होते. अशा जुळणीत तिसऱ्या फेरीचा प्रतिध्वनी मुख्य संदेशाच्या केवळ १२ डेसिबल खाली असतो. दूरचित्रवाणी संचांत चित्रात छाया दिसू नये म्हणून ही जुळणी मुद्दाम बिघडवून अधिक हानी पत्करली जाई. सत् व जन ही पदे सुटी वाचणाऱ्यास 'सज्जन' ह्या रूपाचा उलगडा होत नाही; दात्यांचाही असाच संधी होतो.

ह्यापुढील इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९९० नंतरच्या दशकात भ्रमणध्वनीसाठी अल्पहानीच्या गाळण्या आवश्यक ठरल्या, तेव्हा हेच परावर्तन अनुनादकांच्या रचनेत अभिकल्पाचा आधार बनले. अशा रचनांस आवेग-प्रतिमान अपुरे पडते. तेथे परस्परयुग्मित तरंगांचे प्रतिमान वापरावे लागते. एका प्रतिमानाने ज्याला दोष म्हणून बाजूस सारले, ते दुसऱ्याने साधन म्हणून स्वीकारले.

म्हणून आवेग-प्रतिमान टाकाऊ ठरत नाही. दुर्बल परावर्तनाच्या, दीर्घ आणि काटेकोर कला-प्रतिसादाच्या गाळणीसाठी ते आजही पहिली व विश्वसनीय पायरी आहे. मात्र ते शिकविताना सूत्राच्या शेजारी त्याची गृहीतके लिहिली गेली पाहिजेत. अन्यथा विद्यार्थ्याची आकृती कागदावर निर्दोष उतरेल, आणि स्फटिकावर तिचे उत्तर वेगळेच येईल. त्या वेळी चूक गणितात शोधली जाईल, पण ती वाचनात असेल.