कुलकर्णी, गुरुनाथ आबाजी

(१० जुलै १९२३–११ डिसेंबर १९८७). श्रेष्ठ मराठी कथाकार. ‘जी. ए. कुलकर्णी’ ह्या नावाने लेखन. जन्म बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे. धारवाड येथील महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन केले. सभासंमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले.

निळा सावळा (१९५९), पारवा (१९६०), हिरवे रावे (१९६२) व रक्तचंदन (१९६६) ह्या आरंभीच्या संग्रहांत मुख्यतः बेळगाव-धारवाडकडील सामान्य कुटुंबांचे जीवन आढळते. दारिद्र्य, आजार, मृत्यू आणि आप्तांमधील दुरावा ह्यांनी ते ग्रासलेले आहे. काजळमाया (१९७२), रमलखुणा (१९७५) आणि पिंगळावेळ (१९७७) ह्या संग्रहांत वास्तवदर्शी कथांबरोबरच स्थलकालाच्या खुणा पुसट केलेल्या दृष्टांतसदृश कथा येतात. रमलखुणामधील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ ह्या दीर्घकथा त्यांपैकीच होत. मात्र ह्या दोन्ही प्रकारच्या कथांमागील प्रश्न एकच आहे : आपल्या वाट्याला आलेले दुःख नेमके कशासाठी?

त्यांच्या कथेवर नियतिवादाचा आक्षेप घेतला जातो. माणसाचा पराभव तीत बहुधा अटळ असतो, हे खरे. परंतु पराभव अटळ मानणे आणि तो निमूटपणे स्वीकारणे ह्यांत अंतर आहे. ‘स्वामी’ ह्या कथेतील माणूस त्याच्या इच्छेविरुद्ध मठात कोंडला जातो. त्याची सुटका होत नाही. तथापि त्याने जोपासलेली वेल प्रकाशाकडे वाढत जाते. अशा ठिकाणी नियतीचे सामर्थ्य मान्य करूनही माणसाच्या धडपडीचे मोल लेखकाने राखले आहे. त्यांच्या उत्तरकालीन कथांत तत्त्वचिंतनात्मक संवाद काही वेळा लांबतात आणि प्रतिमांची गर्दी पात्रांना झाकोळते. ह्या दृष्टीने त्यांच्या घरगुती वातावरणातील कथा अधिक एकजीव वाटतात. पात्राच्या मनःस्थितीशी निगडित असलेल्या रंग, प्राणी व वनस्पती ह्यांच्या प्रतिमा हे त्यांच्या शैलीचे ठळक वैशिष्ट्य होय.

काजळमाया ह्या संग्रहास १९७३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. तथापि पुस्तकाच्या प्रकाशनकालाविषयी तांत्रिक वाद निर्माण झाल्यानंतर त्यांनी तो परत केला. कॉनरॅड रिक्टर ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांचे त्यांनी केलेले अनुवादही उल्लेखनीय आहेत.

पुणे येथे त्यांचे निधन झाले. कुसुमगुंजा (१९८९) हा कथासंग्रह, तसेच त्यांची निवडक पत्रे मरणोत्तर प्रसिद्ध झाली.